वास उडायच्या आत

कॉफीत ओवा घालून प्यायलाय का कधी? मी प्यायलेय. कॉफीत तमालपत्र, कॉफीत बडीशेप, कॉफीत दगडफूल, कॉफीत गवती चहा (म्हणजे नक्की काय पितोय तेच कळत नाही!), आणि एका रविवारी सकाळी, हातात ओले कपडे आणि तोंडात चिमटे असताना, कॉफीत कढीपत्ता. वरून मोहरीची फोडणी नव्हती एवढंच. हे सगळं मला पाजणारी बाई कराडात नदीकडच्या पेठेत राहते. खाली ती, वर मी भाड्यानं. गल्लीतले सगळे तिला काकी म्हणायचे म्हणून मीपण काकीच म्हणायला लागले. काकी कॉफीला कापी म्हणतात. मी दोन-चारदा सुधारायला गेले तर म्हणाल्या, "तू काफी म्हण, कॉपी म्हण, काय म्हणायचं त्ये म्हण. पिताना गप पी."

मला खोली कशी मिळाली ते आधी सांगते, कारण ते लयच भारी आहे. मी आष्ट्याची. कॉलेजसाठी कराडला खोली बघायला पप्पांबरोबर आले होते. आधीच्या तीन घरांत आम्हाला विचारलं होतं, गाव कुठलं, आडनाव काय, रात्री किती वाजता येणार, मुलं येणार का भेटायला. काकींनी ह्यातलं काहीच विचारलं नाही. आम्हाला बसवलं, आत गेल्या, दोन कप घेऊन आल्या आणि समोर उभं राहून म्हणाल्या, "वास कसा येतोय सांगा."

माझे पप्पा एकादशी सोडून कॉफीला हात लावत नाहीत. ते म्हणाले, "चांगला येतोय की."

"चांगला म्हंजे?"

"म्हंजे... झकास."

"झकास काय वास असतोय व्हय?"

मला काय वाटलं काय माहीत, मी पटकन बोलून गेले, "जायफळ आहे. आत्याच्या लग्नात श्रीखंडाच्या पातेल्यावरचं फडकं काढलं तेव्हा आला होता तसा. पण त्याच्या मागं काहीतरी झोंबणारं आहे. सुंठ?"

काकी माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पप्पांना म्हणाल्या, "खोली हिची."

जिना उतरताना पप्पा हळूच म्हणाले, "बाई जरा हललेली हाय. खरं घर चांगलं हाय."

तर हललेली. सगळी पेठ तेच म्हणायची. काकींच्या दारात जो येईल त्याला कॉफी आणि जो कॉफी पिईल त्याची परीक्षा. लाईटचं मीटर बघायला येणारा पोरगा तर हात जोडायचा, "मावशी, नुसतं रीडिंग घ्यायचंय ओ!" सोडतात होय? त्याला लवंगेची कॉफी पाजली. तो म्हणाला, "दाताच्या डॉक्टरकडं गेल्यावानी वाटतंय." काकी इतक्या खूश झाल्या की त्याला दुसरा कप दिला! आणि पलीकडच्या बंगल्यातल्या मॅडम "वॉव, काय अरोमा आहे" म्हणाल्या तर त्यांना परत कधी बोलावलंच नाही. "तिला विचारलं कसा येतोय, तर ती सांगती किती आवडला. दोनी गोष्टी येगळ्या हायत्या का न्हाई?"

त्यांच्या अशा बोलण्यांची मी वहीच करायला पाहिजे होती, केली नाही. जेवढी आठवतात तेवढी सांगते. "चहा पाव्हण्याला घालवायला देत्यात, कापी बसवून घ्यायला." मिक्सरवर तर लय राग. "मिक्सर म्हंजे मसाल्याला ताप आणायचं यंत्र. कुटलेलं येगळं, भाजून मारलेलं येगळं." परीक्षेच्या दिवसांत माझ्या कपात जायफळ बंद, कारण झोप येते. आईशी फोनवर भांडून खाली आले की सुंठ डबल. मी विचारलं, काकी हे का? तर म्हणे, "आत आग लागलीया न्हवं, मग वरनं बी लावावी. दोनी इझत्यात." ह्याला काहीही शास्त्र नाही पण खरंच विझायची.

मला वाटायचं, भारी छंद आहे बाईंचा. एकट्या राहतात, नवरा गेलेला, मुलगा पुण्याला, वेळ जात नसेल. हॉस्टेलच्या मैत्रिणींना मी फोटो पाठवायचे, आज ओवा, आज मेथी, आणि त्या हसून हसून मरायच्या.

मग एक दिवस दूध करपलं.

मी वर अभ्यास करत होते आणि असला वास आला की मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळाले. स्वयंपाकघरात धूर, भगुल्याचं बूड काळं, आणि काकी? काकी त्याच दारात, गॅसकडं पाठ करून, खुर्चीवर तांदूळ निवडत बसलेल्या. एकदम निवांत.

"काकी, आवं दूध करपलं की!"

त्यांनी मान वळवली. धूर बघितला. "व्हय?" म्हणाल्या. मग ताट खाली ठेवलं आणि पुन्हा म्हणाल्या, "व्हय." पण दुसरा व्हय मला नव्हता.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "कळलं न्हवं तुला आता? मला वास येत न्हाई. काय म्हंजे काय बी येत न्हाई. कुणाला सांगशील तर खोली खाली कर."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका-काकी दोघंही आजारी पडले होते. काका फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. काकी घरीच बऱ्या झाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांचं नाक गेलं. नवरा आणि नाक, एकदमच. त्या म्हणायच्या, "दोनी एका गाडीनं गेली." डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वासाच्या वस्तू हुंगत जा, कधीकधी नाक परत येतं. "नुसतं हुंगाया मी काय कुत्रं हाय व्हय?" म्हणून त्यांनी कॉफी निवडली. कॉफी गरम, तिच्या वाफेत नाक घालता येतं, आणि कॉफी काकांची होती. काकांना दक्षिणेत पोस्टिंग असताना सवय लागलेली. घरात तीस वर्षं सकाळची कॉफी काका स्वतः करायचे, जायफळ आणि सुंठ घालून. काकी चहा प्यायच्या आणि त्यांना नावं ठेवायच्या, "बामणाच्या लग्नातलं पाणी."

म्हणजे तो ओवा, ते तमालपत्र, तो कढीपत्ता, तो छंद नव्हताच. बाई एकेक वस्तू घालून बघत होती की हिच्यातली कुठली तरी आत पोचते का. आणि पोचत नव्हती म्हणून आम्हाला विचारत होती, कसा येतोय, सांगा ना, कसा येतोय. मी मैत्रिणींना पाठवलेले ते सगळे फोटो त्याच रात्री डिलीट केले.

मी विचारलं, "काकी, एवढं काय हो? डोळे आहेत, कान आहेत. नाक नाही तर नाही."

तर मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं पलंगाखाली काळी लोखंडी पेटी होती, फौजी लोकांची असते तसली, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. झाकणाच्या फटीवरनं चारी बाजूंनी पॅकिंगची खाकी चिकटपट्टी मारलेली. एक थर नाही, कितीतरी थर.

आत काकांचे कपडे होते. जर्सी, मफलर, आणि दवाखान्यात जायच्या दिवशी अंगावरनं काढून ठेवलेला सदरा. न धुतलेला. त्या दिवसांत सगळे म्हणत होते की पेशंटचे कपडे जाळून टाका. पुण्याहून मुलानं पण फोनवर तेच सांगितलं, "आई, आबांचे कपडे जाळून टाक, हात लावू नको." काकींनी सांगितलं जाळले. आणि सदरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पेटीत घातला. तेराव्याला कपडे वाटायची पद्धत, तेव्हापण पेटी उघडली नाही.

"त्येंचा वास हाय त्यात," काकी म्हणाल्या. "उघडली की उडणार. मला तर येत न्हाई. मग उघडून काय करू? नाक आलं की उघडणार. निस्तं त्येवढं व्हायला पायजे, वास उडायच्या आत नाक आलं पायजे."

बस. एवढंच पाहिजे होतं त्यांना. देवाकडं, डॉक्टरकडं, डब्यातल्या सगळ्या मसाल्यांकडं एवढंच मागत होत्या.

त्यानंतर आम्ही दोघी लय कामाला लागलो. मी कॉलेजच्या लॅबपेक्षा जास्त प्रयोग काकींच्या गॅसवर केलेत. चक्रीफूल ठेचून, भाजून, अख्खं. आंबेहळद. हिरव्या वेलदोड्याची नुसती टरफलं. मी वास शब्दांत सांगायचे आणि त्या डोळे मिटून आठवायच्या. दगडफूल? "ओल्या भिंतीला गाल लावल्यासारखं." त्या म्हणायच्या, "व्हय व्हय, शिराळ्याला आमच्या माहेरी न्हाणीघराची भिंत. पुढं?" पण ते आठवणं होतं. येणं नव्हतं.

एकदा पहाटे माझ्या दारावर धडाधड थापा. दार उघडलं तर काकी, हातात कप, पदर कुठं, केस कुठं. "आला! आगं आला वास! लवंगेचा आला!" मी रडायलाच लागले. आम्ही दोघी जिन्यातच बसलो. मी म्हटलं, "परत घ्या, परत घ्या." त्यांनी परत नाक घातलं. परत. मग लांबवर धरून एकदा. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "झोंबतंय निस्तं," म्हणाल्या. "नाकात झोंबतंय. वास न्हाई त्यो." कप माझ्या हातात दिला आणि एकेक पायरी धरत खाली गेल्या. आजपर्यंत नाही आलं त्यांचं नाक. आता मी नोकरीला पुण्यात आहे, फोन करते, त्या अजून तशाच ओरडून बोलतात, पण ते विचारायचं मी बंद केलंय.

आता ते लसणाचं सांगते. हसू येईल तुम्हाला, येऊ द्या, मला पण आधी आलं होतं.

काकी कॉफीचा मसाला डंकावर कुटून आणायच्या. ज्यांना डंक माहीत नाही त्यांच्यासाठी: मिरची-मसाले कुटायचं मशीन, लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होतात आणि खालच्या खड्ड्यात मसाला कुटला जातो. उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघरी वर्षाची कांदा-लसणाची चटणी होते, तेव्हा डंकावर बायकांची ही रांग. कोपऱ्यावरच्या डंकवाल्या चाचांशी काकींचं ठरलेलं, दिवसाची पहिली कुटाई माझी. खड्ड्यात मिरची पडायच्या आत.

काकांचं वर्षश्राद्ध नेमकं त्याच चटणीच्या दिवसांत आलं. काकांच्या पलटणीतले तीन दोस्त येणार होते, आणि काकींनी ठरवलेलं की त्यांना काकांसारखीच कॉफी पाजायची. ताजा मसाला पाहिजे म्हणून आदल्या दिवशी पहाटेच डंकावर गेल्या. तर लाईट नाही. आली ती दुपारी, आणि घरी गेलेल्या काकी परत येईपर्यंत रांगेतल्या दुसऱ्या बाईची चटणी आधी लागली. मी नव्हते तिथं, आष्ट्याला गेले होते. नंतर चाचांनीच सांगितलं.

चाचा म्हणाले होते, "भाभी, उद्या सकाळी या. आत्ताच लसूण निघालाय, खड्ड्याला चिकटलाय सगळा."

"उद्या सकाळी पावणं येत्यात. पुसून घ्या की."

चाचांनी फडक्यानं पुसलं. मूठभर तांदूळ घालून कुटले, टाकून दिले. वाकून हुंगलं. "भाभी, अजून येतोय बरं का."

आणि सगळ्या बायका बघत होत्या. आता इथं काकी म्हणू शकल्या असत्या ना, की मला कळत नाही, तुम्ही म्हणता तर राहू दे! पण नाही. काकी पुढं झाल्या, खड्ड्यात वाकल्या, सगळ्यांसमोर लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कुठं येतोय? काय न्हाई. घाला माझं."

चाचा मला म्हणाले, "पोरी, त्यांचं नाक आमच्या पेठेत एक नंबर. मी कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या एस्टीनं पोचले तर पंगत झालेली, तिघं फौजी बाहेरच्या सोप्यात बसलेले, कॉफी वाटून झालेली. तिघंही ताठ बसून पीत होते. कपाळावर घाम. एकजण रुमालानं डोळे टिपत होता, मला वाटलं काकांची आठवण येतेय. शिराळ्याकडचे एक होते, सगळ्यात थोरले, मोठ्या पांढऱ्या मिशांचे, त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वैनी, येकदम सुभेदारसाबच्या हातची. तीच चव."

काकींचं तोंड असं फुललं की काय सांगू! "मग अजून घ्या की!"

आणि त्यांनी घेतली. तिघांनीही. दुसरा कप!

मी आत जाऊन भगुल्यातली उरलेली घोटभर प्यायले. लसूण. हिंग, धणे, लाल मिरची आणि लसूण, आणि त्यात दूध आणि साखर. मी बेसिनकडं पळाले. काकी मागनं आत आल्या होत्या. त्यांनी स्वतः गडबडीत नुसती जिभेला लावून बघितलेली. जीभ पोळली तर त्यांना वाटलं सुंठ जोरात आहे.

"काय गं?"

मी चूळ भरली.

"कसा येतोय?"

त्यांनी मला इतके महिने एकच गोष्ट शिकवलेली, कसा येतोय ते खरं सांगायचं. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "लसूण."

काकी तशाच बाहेर गेल्या. पाहुणे अंगणात बूट घालत होते. त्यांनी त्या मिशावाल्यांना गाठलं. "भावजी, माझी आन हाय. लसूण व्हता?"

ते बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "वैनी, फौजेत ह्याच्यापेक्षा वाईट पेलोय आमी." बाकीचे दोघं हसले. काकी हसल्या नाहीत. तेव्हा ते सरळ उभे राहिले. "सुभेदार असता तर त्यानं बी पेली असती वैनी. आन् तिसरा कप मागितला असता."

ते गेले. काकींनी मसाल्याचा डबा परसात नेऊन पालथा केला. पेठेत दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, काकींना वास येत नाही. कुणी तोंडावर हसलं नाही, पण आता जो येई तो कॉफी प्यायच्या आधीच म्हणायचा, "वा काकी, काय वास सुटलाय!" मीटरवाला पोरगा पण! त्यांना वाटायचं आपण बरं वागतोय. काकी कप मांडायच्या बंद झाल्या.

एक दिवस म्हणाल्या, "मया करणारी माणसं खोटं बोलत्यात गं. तीन तीन फौजी बोलले. आता मी पेटी उघडून कुणाला इचारू, हाय का वास म्हणून? समदी हायच म्हणणार. तू बी."

मी पण म्हणाले असते. शंभर टक्के.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेईना. खालच्या मजल्याच्या भिंतींना ओल आली, आतल्या खोलीची फरशी घामेजल्यासारखी. मी केर काढताना बघितलं तर पेटीच्या खाली गंजाचं तांबडं पाणी. पेटी ओढली तर बूड हाताला भुसभुशीत लागलं. काकींना सांगितलं. त्या खाली बसल्या, पेटीवर हात फिरवला. बुरशी लागली असली तर सगळंच संपलं, हे सांगायची गरज नव्हती. आता नाकाची वाट बघता येणार नव्हती.

"मी बघू का उघडून?" मी म्हटलं.

"तू त्येंना बगितलंबी न्हाईस. तुला काय कळणार? कापडाचा वास यील तुला." आणि मग पेटीवरचा हात उचलून म्हणाल्या, "एकच माणूस हाय."

तो माणूस म्हणजे मुलगा. मी दादा म्हणायचे. दर दोन महिन्यांनी यायचे. वर्षश्राद्धाला तेवढे विधी उरकून पाहुणे यायच्या आधीच पुण्याला परत गेलेले. फळं, औषधं, बँकेची कामं, नळाचा वायसर बदल, गॅसची नळी बदल. कामाला लय चांगले. पण काकी त्यांच्याशी मोजकंच बोलायच्या. "बाप गेला, एक टिपूस काढलं न्हाई डोळ्यातनं. निस्ती पळापळ. ही पावती, तो दाखला. दगड हाय." खरं म्हणजे त्या दिवसांत त्यांना बापाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नव्हतं. नगरपालिकेच्या माणसांनी सगळं केलं आणि हे लांब स्मशानाच्या गेटवर उभे. पण काकींना दिसलं ते एवढंच, की पोरगा रडला नाही आणि कपडे जाळ म्हणाला.

काकींनी फोन लावला. "पेटी उघडायचीया. ये." ठेवला.

मला म्हणाल्या, "त्याला काय बी इचारायचं न्हाई. पेठेत समद्यांस्नी कळलं, खरं त्याला म्हाईत न्हाई मला वास येत न्हाई त्ये. निस्तं त्याच्या तोंडाकडं बगायचं."

दादा रविवारी आले ते दोन मोठ्या पिशव्या घेऊन. त्यांना वाटलं, चला, आई शेवटी तयार झाली, कपडे कुठल्या तरी संस्थेत देऊ. "कशाला एवढी चिकटपट्टी मारली गं?" म्हणत त्यांनी गाडीच्या किल्लीनं पट्टी कापली. झाकण कर्रकन उघडलं. मी दारात होते. मला आला तो गंजाचा वास, ओल्या लोकरीचा, बाकी काही नाही. काकी चौकटीला धरून उभ्या. पेटीकडं बघतच नव्हत्या. दादांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

दादांनी जर्सी काढली, झटकली. "हिला बुरशी आलीय आई." पिशवीत टाकली. चेहऱ्यावर काही नाही. मफलर काढला. पिशवीत. काही नाही. काकींची बोटं चौकटीवर पांढरी झालेली मला दिसत होती.

मग ती प्लास्टिकची पिशवी आली. गाठ घट्ट, दातानं सोडवली. "हे काय आहे?" आतनं सदरा निघाला. सुका होता. कॉलर मळलेली. दादा तो पण पिशवीत टाकणारच होते, हात अर्ध्यात गेलेला, आणि धुतलेला आहे की नाही बघायला आपण कपडा नाकाशी नेतो तसा त्यांनी सहज नाकाशी नेला.

आणि थांबले.

"आबा," म्हणाले. खोलीत कुणी आल्यावर हाक मारतो तसे, हळूच.

मग ते फरशीवर बसले. सदरा दोन्ही हातांनी तोंडावर दाबला आणि त्यांना जे रडू आलं ते मी कुठल्या मोठ्या माणसाचं बघितलेलं नाही. आवाज आधी येतच नव्हता, नुसते खांदे. मग आला. "आबा. आबा. आबा."

काकी चौकट सोडून पुढं आल्या. दादांच्या शेजारी खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी. सदऱ्याची एक बाही खाली लोंबत होती ती त्यांनी हातात घेतली. मला वाटलं आता नाकाशी नेतील. एवढ्यासाठीच तर ठेवलेला. त्यांनी बाहीची घडी केली आणि परत दादांच्या हातात सरकवली.

"हाय म्हंजे," म्हणाल्या.

दादांनी मान वर केली. "तुला येतोय ना आई? तसाच आहे गं. तसाच."

"मला कवाच येत न्हाई बाबा. त्या आजारापास्नं."

दादा एकदम घाईनं सदरा पिशवीत कोंबायला लागले, गाठ बसेना. "बंद करू, आई, बंद करू, उडून जाईल. तुझं नाक आलं की..."

काकींनी त्यांच्या हातातनं ती प्लास्टिकची पिशवी काढून घेतली. "उडू दे," म्हणाल्या. "ज्याला येतोय त्यानं घ्यावा. घे. पोटभर घे."

त्यांच्या डोक्यावरनं एकदा हात फिरवला आणि स्वयंपाकघरात आल्या. मी मागनं आले. भगुलं ठेवलं, दूध ओतलं, कॉफी घातली. बाहेरनं दादांचा आवाज येत होता, आता बारीक झालेला. मी सवयीनं किसणी आणि जायफळ पुढं केलं.

"नगं," काकी दुधाकडं बघत म्हणाल्या. "त्याला निस्ती लागती. साखर जास्त."